टेकडीचं साठेखत

१७ ऑगस्ट २०२३, गुरुवार. दुपारी साडेतीनला लेकीच्या स्की-शिक्षिकेचा मेसेज आला. आपल्या गावातली स्कीची टेकडी तिची मालक कंपनी विकायला काढतेय, गिऱ्हाईक मिळालं नाही तर या हिवाळ्यात लिफ्ट चालणार नाही. मी एका दुकानाचा तिमाही हिशोब जुळवत बसले होते. तो तसाच मिटवला आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले.

त्या दिवसापासून ११ जानेवारी २०२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा महिने, आमच्या गावानं ती टेकडी विकत घेण्यासाठी जे काही केलं ते इथे लिहून ठेवतेय. सुरुवातीला आम्हाला विचारायला कुणी नव्हतं. अमेरिकेत लहान गावांत राहणारी आपली बरीच माणसं आहेत, त्यांच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर हे कामाला यावं. टेकडी न्यू हॅम्पशायरमध्ये आहे. तिचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण करारात गोपनीयतेचं कलम आहे. खाली ज्या कंपन्यांची नावं येतील त्यांचा आमच्या व्यवहाराशी संबंध नाही.

टेकडी लहानच आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जेमतेम सहाशे फूट चढ, १९६८ सालची दोन माणसांच्या खुर्च्यांची लिफ्ट, एक टी-बार (दांडीला टेकलेल्या माणसाला बर्फावरून वर ओढणारी लिफ्ट), लहानग्यांसाठी सरकता पट्टा आणि रात्री नऊपर्यंत दिवे. आम्ही या गावात आलो तो पहिला हिवाळा मी घरात बसून काढला. चार-साडेचारला अंधार, ओळखीचं कुणी नाही. लेक पहिलीत गेली तेव्हा शाळेच्या गुरुवारच्या कार्यक्रमात तिचं नाव घातलं: सहा गुरुवार, भाड्याच्या बुटांसकट ९० डॉलर. ती वर जायची आणि मी लॉजमध्ये चहा घेऊन बसायचे. या गावातली माणसं मला तिथे भेटली. ग्रंथपाल, अग्निशमन दलाचा प्रमुख, शाळेची बस चालवणाऱ्या बाई, सगळे त्याच लाकडी बाकांवर ओले हातमोजे वाळवत बसलेले असायचे.

मोठ्या कंपन्या अशा टेकड्या घेतात कशाला, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मग वाचत गेले. व्हेल रिसॉर्ट्सनं २००८ मध्ये एपिक पास आणला. एकच पास आणि कंपनीच्या सगळ्या डोंगरांवर प्रवेश. २०१२ मध्ये त्यांनी मिनियापोलिसजवळची ॲफ्टन आल्प्स आणि डेट्रॉइटजवळची माउंट ब्रायटन घेतली, २०१६ मध्ये शिकागो आणि मिलवॉकीच्या मधली विल्मट घेतली. तिन्ही लहान, पण तिन्हींच्या शेजारी लाखो लोकवस्तीची शहरं. शहरातला माणूस जवळच्या टेकडीसाठी पास घेतो आणि सुट्टीत त्याच पासवर कोलोरॅडोला जातो. २०१९ मध्ये व्हेलनं पीक रिसॉर्ट्स ही कंपनी घेतली, तेव्हा एका व्यवहारात १७ टेकड्या आणि डोंगर आले. ज्या टेकडीशेजारी मोठं शहर नाही, तिचा या गणितात फारसा उपयोग नसतो. आमच्या टेकडीचं तेच झालं.

पहिली सभा १२ सप्टेंबरला अग्निशमन केंद्रात भरली. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या, त्रेचाळीस माणसं आली. बरीच चिडलेली होती. "कंपनीनं विकूच नये, तिनंच चालवावी" असं निम्म्यांचं म्हणणं होतं. मी उलट बोलले. जिला टेकडी नको आहे तिनं ती धरून ठेवण्यात आपलंच नुकसान आहे. दुरुस्ती होत नाही, चांगली माणसं सोडून जातात. विकू दे, पण कुणाला आणि कशा स्थितीत विकते यावर आपण अडून बसू. आजही माझं मत तेच आहे. बोलून खाली बसले तर हिशोब लिहिणारी म्हणून खजिनदारपद माझ्याकडे आलं.

माझे वडील सांगली जिल्ह्यात ऊस लावायचे. आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याचे ते सभासद. दिवाळीच्या आधी सभासदाच्या कार्डावर सवलतीची साखर यायची, ती आणायला मी त्यांच्याबरोबर सायकलवर जायची. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, ही गोष्ट आमच्याकडे पोराबाळांना पाठ. तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की शेअर काढावेत, घरटी सभासद करावा. इथे तसं उदाहरणही आहे. शेजारच्या व्हरमाँटमधली मॅड रिव्हर ग्लेन १९९५ पासून स्की करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची आहे. १९४८ सालची त्यांची एकेका माणसाची लिफ्ट लोकांनी वर्गणी काढून २००७ मध्ये नव्यानं उभी केली.

वकील बाईंनी मात्र थांबवलं. शेअर विकायचे म्हणजे रोख्यांचा कायदा लागू होतो. त्याचे अर्ज, सवलतींची कलमं, त्यावरचा खर्च, आणि हातात वेळ कमी. धर्मादाय संस्था काढली तर देणगीदाराला करसवलत मिळते आणि अनुदानं मागता येतात. आमच्याच राज्यातल्या एनफिल्डची व्हेलबॅक टेकडी २०१३ पासून अशीच एक ना-नफा संस्था चालवते. मला दोन दिवस वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं.

न्यू हॅम्पशायरमध्ये अशी संस्था नोंदवायला किमान पाच माणसं लागतात, आणि कार्यकारिणीत एकमेकांशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसलेले पाच जण हवेत. आमच्या पहिल्या यादीत दोन भाऊ आणि एक नवरा-बायको होते. यादी पुन्हा केली. नोंदणीचे कागद आधी गावाच्या क्लार्ककडे आणि मग राज्याकडे जातात, खर्च तीस डॉलरच्या आसपास. कर विभागाचा संस्था-क्रमांक ऑनलाइन लगेच मिळतो आणि फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट्स दिसतील, तिकडे जाऊ नका. त्यानंतर ॲटर्नी जनरलच्या धर्मादाय विभागात नोंद. हे सगळं ऑक्टोबरभर चाललं.

करमुक्तीचा अर्ज हे खरं मोठं काम. त्याचा एक छोटा नमुना आहे, शुल्क २७५ डॉलर, पण वार्षिक जमा ५० हजारांच्या आत आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत असेल तरच तो चालतो. टेकडी घ्यायची म्हटल्यावर आम्हाला मोठा फॉर्म १०२३ भरावा लागला, शुल्क ६०० डॉलर. त्यात पुढच्या वर्षांचा अंदाजी जमाखर्च द्यावा लागतो. "तुम्ही हौशी लोकांचा क्लब नाही, सार्वजनिक हिताची संस्था आहात" हे पटवून द्यावं लागतं. आम्ही शाळांचा गुरुवारचा कार्यक्रम, मोफत बूट-स्की आणि अपंग मुलांसाठीचे धडे यांवर दोन पानं लिहिली. ९ डिसेंबरला अर्ज गेला, उत्तर २१ मे २०२४ ला आलं. साडेपाच महिने. मधल्या काळात देणग्या थांबू नयेत म्हणून गावातल्या एका जुन्या संस्थेच्या खात्यात पैसे घेतले. त्यांनी पाच टक्के ठेवून घेतले. ही सोय पहिल्याच महिन्यात करून ठेवा. आम्ही ती नोव्हेंबरात केली आणि तोवर दोन मोठे देणगीदार वर्ष संपत आल्यामुळे दुसरीकडे वळले होते.

नोव्हेंबरच्या शेवटी गोपनीयतेच्या करारावर सह्या झाल्या आणि कंपनीनं तीन वर्षांचे हिशोब उघडले. त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर मी एक वाजेपर्यंत बसले होते. टेकडी वर्षाला २ लाख १० हजारांच्या तोट्यात दाखवली होती. खर्चाच्या रकान्यात "मुख्य कार्यालयाचा वाटा" म्हणून २ लाख ६० हजार. जमेच्या बाजूला सीझन पासचे पैसे अगदी थोडे, कारण आमच्या गावातला माणूस पास घेतो कंपनीचा, आणि कोण कुठे किती दिवस गेला यावरून तो पैसा वाटला जातो. मोठ्या डोंगरावर घालवलेली एक सुट्टी टेकडीचा वाटा खाऊन टाकते. गुरुवारची मुलं तर त्या मोजणीत धरलीच नव्हती.

मला एकदम उभारी आली. नवऱ्याला उठवून सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी उरलेल्या ओळी पाहिल्या तेव्हा उलट बाजूही दिसली. कंपनीच्या हिशोबात विम्याचा खर्च ३१ हजार होता. आम्ही एकटे म्हणून भाव काढला तो आला ६८ हजार. वीज, डिझेल, यंत्रांचे सुटे भाग, सगळं त्यांना घाऊक दरात मिळत होतं. मोठ्या कंपनीमुळे टेकडीला काहीच मिळत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. माझा हिशोब असा निघाला: थंडी चांगली पडली तर ४० हजार शिल्लक, हिवाळा उबदार गेला तर ९० हजारांचा खड्डा. कृत्रिम बर्फासाठी हवा कोरडी आणि साधारण उणे दोन सेल्सियसखाली हवी. एक एकरावर फूटभर बर्फ करायला दीड लाख गॅलनहून जास्त पाणी लागतं आणि ते पंपानं वर चढवावं लागतं. पाऊस पडला की केलेलं सगळं वाहून जातं. गावाकडचे सहकारी कारखाने आजारी पडून लिलावात निघालेले मी पाहिलेत. मालकी लोकांची असली तरी वाईट वर्षासाठी गंगाजळी नसेल तर ती टिकत नाही. म्हणून मी कार्यकारिणीत हट्ट धरला की किमतीशिवाय साडेतीन लाख हाताशी असल्याशिवाय खरेदीखतावर सही करायची नाही. यावरून बरीच कटकट झाली, एक जण सोडूनही गेले.

कंपनीनं सुरुवातीला १२ लाख सांगितले. साडेआठ लाखांवर तोंडी ठरलं आणि जानेवारीत साठेखताचा मसुदा आला. त्यासोबत डेडस्टॉकची, म्हणजे टेकडीबरोबर मिळणाऱ्या यंत्रसामानाची यादी होती. लिफ्टचे मेकॅनिक आजोबा माझ्याशेजारी बसून ती वाचत होते. चाळीस वर्षं ते ही लिफ्ट सांभाळतात. डावा अंगठा ग्रीसनं कायमचा काळा झालेला, तो एकेका ओळीवर ठेवून ते खाली सरकत होते. तिसऱ्या पानावर अंगठा थांबला. "चौदा पंखे आहेत टेकडीवर. इथे दोनच लिहिलेत." बर्फ करणारे नवे पंखे कंपनी आपल्या मोठ्या डोंगरावर नेणार होती, आणि उतार सपाट करणाऱ्या यंत्राची विंचही (चढावर त्याला दोरानं धरून ठेवणारा रहाट) यादीत नव्हती. ते नसते तर मला काही कळलं नसतं. यादी वाचताना वकील बरोबर ठेवा, पण तिथे रोज काम करणारा माणूसही ठेवा. महिनाभर पत्रव्यवहार करून आठ पंखे आणि विंच राहिली. मसुद्यात आणखी एक कलम होतं: दहा वर्षं दुसऱ्या कोणत्याही बहु-डोंगरी पासमध्ये सामील व्हायचं नाही. वकील बाईंनी ते दोन वर्षांवर आणलं.

गावाकडून एक लाख मागायचं ठरलं. इथल्या ग्रामसभेला टाउन मीटिंग म्हणतात, मार्चचा दुसरा मंगळवार. विषयपत्रिकेवर आपला ठराव आणायचा तर पंचवीस मतदारांच्या सह्या लागतात आणि सभेच्या आधीच्या पाचव्या मंगळवारपर्यंत अर्ज द्यावा लागतो. आमच्यासाठी ती तारीख ६ फेब्रुवारी होती. आम्ही एकशे बारा सह्या गोळा केल्या. काही सह्या मतदारयादीशी जुळत नाहीत, तेव्हा जास्तच घ्या.

१२ मार्च २०२४, शाळेचा हॉल. पावणेचारशे माणसं. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मी मतदार नाही, म्हणून बाजूच्या वेगळ्या खुर्च्यांवर बसले होते. एका शेतकरी आजींनी उठून विचारलं, "उबदार हिवाळ्यात तोटा आला तर तो माझ्या घरपट्टीत येणार का?" रास्त प्रश्न होता, आणि आकडे माझ्याकडे होते. मतदार नसलेल्यानं बोलायचं तर सभेची परवानगी लागते. सभा चालवणाऱ्या मॉडरेटरनी सभेला विचारलं, कुणाची हरकत? हॉल शांत होता. मी माइककडे चालत गेले तेव्हा पाय थरथरत होते. तोट्याचा आकडा लपवला नाही, ९० हजार सांगितला. गंगाजळीचं सांगितलं, आणि ठरावातलं वाक्य वाचून दाखवलं की गावाची जबाबदारी या एक लाखापुरतीच आहे. पुन्हा जागेवर येऊन बसले. मतदारांची पिवळी कार्डं वर झाली, मोजायला बराच वेळ लागला: २४१ विरुद्ध १२८. त्या आजींचं कार्ड वर होतं का, ते मला दिसलं नाही.

एप्रिलमध्ये साठेखतावर सह्या झाल्या, इसार २५ हजार, मुदत १२० दिवस. पैसे असे जमले: देणग्या ६ लाख १० हजार, गाव १ लाख, मागच्या उतारावरच्या जंगलात कधी बांधकाम होणार नाही असा हक्क लिहून दिल्याबद्दल भूसंवर्धन संस्थेकडून १ लाख ४० हजार, आणि बँकेचं कर्ज साडेतीन लाख. एकूण १२ लाख. सगळ्यात लहान देणगी सात डॉलरची, गुरुवारच्या एका मुलानं लिफाफ्यात घालून दिलेली. तिचीही पावती मी फाडली.

जुलैत एक अडचण आली, ती इतरांनी टाळावी म्हणून सविस्तर सांगते. जमिनीत तेल किंवा रसायनं मुरलेली आहेत का, याचा पर्यावरण अहवाल खरेदीआधी करून घ्यावा लागतो. नाहीतर जुन्या प्रदूषणाची जबाबदारी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. आमच्याकडे डिझेलची जुनी टाकी होती, त्यामुळे अहवाल महत्त्वाचा. तो आम्ही घाईनं जानेवारीतच ३,२०० डॉलर देऊन केला. पण अशा अहवालाचे मुख्य भाग १८० दिवसच चालतात! बँकेनं कागद तपासले आणि तो जुना झालेला निघाला. पुन्हा पाहणी, पुन्हा अभिलेखांचा शोध, ११०० डॉलर आणि तीन आठवडे. मुदत दोन आठवडे वाढवून मागावी लागली, तेव्हा माझी झोपच उडाली. अहवाल साठेखत झाल्यावर करा, आधी नको.

२२ ऑगस्ट २०२४ ला वकिलांच्या कार्यालयात खरेदीखत झालं. मुद्रांक शुल्कासारखा इथे हस्तांतर कर असतो, शंभर डॉलरमागे ७५ सेंट खरेदीदाराचे आणि तेवढेच विक्रेत्याचे. आमचा वाटा ६,३७५. तो आम्ही अंदाजपत्रकात धरला होता, पण बऱ्याच जणांचा राहून जातो. कंपनीकडून आलेला तरुण नीट वागला, किल्ल्यांचा जुडगा त्यानं मेकॅनिक आजोबांच्या हातात दिला. त्याच महिन्यात स्की-डोंगर चालवणाऱ्या पावडर या कंपनीनं व्हरमाँटमधलं किलिंग्टन स्थानिक मंडळींच्या गटाला विकल्याची बातमी आली. तो पूर्वेकडचा सगळ्यात मोठा स्की-डोंगर. त्याच वेळी पावडरनं एल्डोरा, माउंट बॅचलर आणि सिल्व्हर स्टार हे डोंगरही विकायला काढले. फोन यायला लागले, "तुम्ही कसं केलंत?" म्हणून हा लेख.

कंपन्यांनी लहान टेकड्या विकाव्यात का, असं मला आता विचारतात. विकाव्यात. पण निदान एक वर्ष आधी सांगून, पंखे आणि दोर जागेवर ठेवून, आणि जमाखर्च खरा दाखवून. व्हरमाँटमधली ॲस्कटनी २०१० मध्ये बंद पडली. मग गावानं जमीन घेतली, लोकांनी आधी दोराची लिफ्ट चालवली आणि नवी टी-बार उभी राहायला २०२० उजाडलं. दहा वर्षांत शाळेची एक अख्खी पिढी निघून जाते.

पुढचे महिने अंगमेहनतीचे. लिफ्टच्या मुख्य दोराची चुंबकीय तपासणी झाली, आतल्या तारा तुटल्यात का ते त्यात कळतं. खुर्च्यांच्या पकडी काढून तपासायला पाठवल्या. राज्याच्या पॅसेंजर ट्रॅमवे सेफ्टी बोर्डाकडे दरवर्षी लिफ्टची नोंदणी लागते, त्यांच्या निरीक्षकांनी सुचवलेल्या सात दुरुस्त्यांपैकी शेवटची ३ जानेवारीला संपली. खुर्च्या आम्ही शनिवार-रविवारी रंगवल्या. नवऱ्याच्या जॅकेटवर तो हिरवा डाग अजून आहे. डिसेंबरच्या शेवटी पाऊस आला आणि केलेला बर्फ अर्धा गेला. त्या रात्री आईचा सांगलीहून फोन आला, तिला म्हटलं, "ऊस तोडायला आला आणि अवकाळी पाऊस आला, तसं झालंय." ती म्हणाली, "मग थांब चार दिवस. थंडी काय जाते कुठे."

११ जानेवारीला, शनिवारी, सकाळी नऊ वाजता लिफ्ट सुरू झाली. दिवसाची ३१२ तिकिटं गेली. रात्री रोकड दोनदा मोजली, पेटीत चार डॉलर जास्त निघत होते, ते तसेच लिहिले.

१६ तारखेला पहिला गुरुवार. सव्वातीनला शाळेच्या दोन बस आल्या, चौऱ्याहत्तर मुलं. लेक आता तेरा वर्षांची आहे, बुटांच्या खिडकीत मदतीला उभी होती. एक पहिलीतला मुलगा डाव्या पायात उजवा बूट घालून रडवेला झाला होता. ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली, बकल काढलं, बूट बदलला आणि त्याला हात धरून सरकत्या पट्ट्याकडे घेऊन गेली.